पट्टी हिरवी आहे

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवरून पंचेचाळीसवर आला की "आज बरं हाय बाप्पा" म्हणत तो पान खायला बाहेर पडतो. डॉ. प्रणाली मोहुर्ले त्याच मातीतली. त्यामुळे कासिराच्या विमानतळावर तिला घ्यायला आलेले विक्रांत दाबके छत्री उघडत म्हणाले, "सांभाळा हं मॅडम, इथलं ऊन फार वाईट," तेव्हा तिला हसू आवरेना.

"दाबके साहेब, तुम्ही मूळचे कुठले?"

"पुण्याचा."

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि छत्रीबाहेरूनच गाडीपर्यंत चालत गेली.

कासिरा हा वाळवंटातला चिमुकला देश. जागतिक मैदानी स्पर्धा भरवायचा मान त्याला मिळाला तेव्हा जगभर ओरड झाली होती. एवढ्या उन्हात स्टेडियम बांधणार कोण, आणि बांधणाऱ्यांचं होणार काय? मानवाधिकारवाल्यांनी मोर्चे काढले, दोन-तीन देशांनी खेळाडू न पाठवण्याची धमकी दिली. कासिराने वाद घातला नाही. त्याने प्रणालीची पट्टी आणली आणि जगाला दाखवली.

पट्टी म्हणजे जखमेवर लावतो तेवढीच, दंडावर चिकटवायची. पण काम मोठं करायची. आपलं शरीर सतत उष्णता तयार करतं आणि घामावाटे ती बाहेर टाकतं. ऊन वाढलं, काम वाढलं की बाहेर टाकण्यापेक्षा आत साठणं जास्त होतं. आतलं तापमान चाळिशीपार गेलं की मेंदू गडबडतो, आणि खरी गोम इथेच आहे. आपल्याला ऊन लागतंय हे ज्याने ओळखायचं, तो मेंदूच आधी बिघडतो. म्हणून माणूस "मला काही होत नाही" म्हणता म्हणता धाडकन पडतो. पट्टी घामातले क्षार, नाडीचे ठोके आणि कातडीची उष्णता एकत्र ताडून सांगायची, की हा गडी अजून किती वेळ तग धरेल. बराच वेळ असेल तर हिरवा दिवा, कमी उरला की पिवळा, संपत आला की लाल. तोच दिवा हेल्मेटच्या मागेही लागायचा, लांबून दिसावा म्हणून.

चंद्रपूरच्या बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर ओळीने तीन उन्हाळे चाचण्या घेऊन प्रणालीने पट्टीचं माप बसवलं होतं. पहिला चाचणीवाला तिचाच धाकटा भाऊ धनराज. "कर बाई काय करायचं ते," म्हणून त्याने दंड पुढे केला होता. तोच धनू आता दोन वर्षांपासून कासिरात, स्टेडियमच्या छतावर वेल्डर होता. फोनवर रोज एकच पाढा: "सगळं मस्त आहे, ताई." ज्या पोराला लहानपणी भाजीत मीठ कमी पडलं तरी अर्धा तास तक्रार करायची असे, त्याचं सगळं मस्त असतं यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ती पट्टीबद्दल पुरस्कार घ्यायला पाहुणी म्हणून आली होती खरी, पण मनातून आली होती ती त्याला बघायला.

"चार वर्षं झाली, मॅडम," गाडीत दाबके सांगत होते. ते कासिराच्या स्पर्धा मंडळाचे कामगार-कल्याण संचालक. "उन्हाने एकही मृत्यू नाही. पूर्वी इथे भर उन्हाळ्यात दुपारचं उघड्यावरचं काम कायद्याने बंद असायचं. आता त्याची गरजच उरली नाही. घड्याळ सगळ्यांना एकाच मापाने मोजतं, पट्टी प्रत्येकाला वेगळं मोजते. दिवा हिरवा, तोवर काम."

हे घड्याळाचं वाक्य प्रणालीच्याच एका भाषणातलं होतं. कायद्यात ते आलं तेव्हा तिला कोण अभिमान वाटला होता! पेढे वाटले होते तिने.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला छतावर नेलं. सोबत आयरीन चेबेत होती, केनियाची. एकेकाळची मॅरेथॉन धावपटू, आता खेळाडू संघटनेची निरीक्षक. तिच्या धावपटूंनाही शर्यतीत हीच पट्टी लावायची होती, म्हणून तिला सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. बाई मोजकं बोलायची आणि बघायची फार.

वर पोलादी तुळयांचं जाळं पसरलं होतं आणि त्यावर शेकडो हेल्मेट, शेकडो हिरवे दिवे. दिसायला सुरेखच दिसत होतं. प्रणालीला धनू पाठमोरा ओळखू आला. ती जवळ गेली.

"धन्या!"

तो वळला. जरा उशिराच हसला. "ताई? तू कधी आली? आन आई कुठं गेली? आत्ताच त होती इथं."

आई चंद्रपुरात होती. प्रणालीने त्याचं मनगट धरलं. हात तापलेल्या तव्यासारखा आणि घामाने निथळणारा. तिने हेल्मेटच्या मागे पाहिलं. दिवा हिरवा.

"याला खाली घ्या! आत्ताच्या आत्ता!"

फोरमन धावत आला. त्याने धनूकडे बघितलंच नाही, दिव्याकडे बघितलं. मग अदबीने म्हणाला, "मॅडम, काही झालेलं नाही. पट्टी हिरवी आहे."

"अहो, मी बनवलीये ती पट्टी!"

"म्हणून तर सांगतोय, मॅडम."

यावर काय बोलणार? चेबेतने बोलण्यात वेळ घालवला नाही. तिने धनूचा दुसरा दंड खांद्यावर घेतला आणि दोघी बायकांनी त्याला लिफ्टमध्ये घातलं. खाली थंड खोलीत बर्फ, ओली चादर, पाणी. अर्ध्या तासाने तो भानावर आला आणि भानावर येताच चिडला.

"काऊन आणलं मले खाली? सगळे पाहून राहिले होते!"

"मरून राहिला होता तू, माहीत आहे का?"

"पट्टी त हिरवी होती नं?"

"धनू, तुला चक्कर येत नव्हती?"

तो चादरीच्या टोकाशी चाळा करत बसला. मग हळू म्हणाला, "येते नं. रोजच येते. पण सांगाव कोनाले? आधी सांगता येत होतं. डोकं गरगरते म्हटलं की मानूस सावलीत बसे, कोनी काही म्हने नाही. आता सांगितलं की फोरमन दिव्याकडं पाहते. दिवा हिरवा, म्हनजे आपन खोटारडे. दोनदा खोटारडा ठरला की तिसऱ्यांदा घरी." मग त्याने तोंड फिरवलं. "तुले वाईट वाटन म्हनून फोनवर नाही सांगितलं. तुझी पट्टी आहे नं ती."

प्रणालीला रडूच आलं. ते तिने चेबेतसमोर लपवलंही नाही.

पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिला एका प्रश्नाने पछाडलं: पट्टी हिरवी का होती? पट्टी बिघडली नव्हती, तिने ती तिथेच काढून तपासली. क्षार बरोबर, नाडी बरोबर, कातडी बरोबर. सगळे आकडे खरे आणि उत्तर मात्र खोटं. चार वर्षांत कोणी मेलं नाही, कारण धनूने सांगितलं तसं, माणसं पडली की सहकारी उचलून सावलीत न्यायचे आणि कोणी वर कळवायचं नाही. म्हणजे ही गडबड रोजची होती. चंद्रपुरात तीन उन्हाळे जी पट्टी मिनिटानेही चुकली नाही, ती इथे का चुकावी? पाणी वेगळं? हवा दमट? जेवण? तिने एकेक कारण घेतलं आणि एकेक खोडलं.

मग तिने चेबेतकडून धावपटूंची उष्ण खोली मागून घेतली. बंद खोली, आत हवं तेवढं ऊन आणि चालायला सरकता पट्टा. प्रणालीने स्वतःच्या दंडावर पट्टी लावली, डोक्यावर मजुरांचं हेल्मेट चढवलं आणि चालू लागली. काचेपलीकडे चेबेत घड्याळ घेऊन उभी. पट्टी म्हणत होती, अजून खूप वेळ आहे. आणि प्रणालीचे पाय लटपटायला लागले, काचेपलीकडे दोन चेबेत दिसायला लागल्या. तिने भिंत धरली. दिवा हिरवागार!

"झालं पक्कं," ती बाहेर येऊन धापा टाकत म्हणाली. "माझ्या पट्टीने मलाच मारलं असतं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चाचणी करायची ठरली. आत जाण्यापूर्वी तिने पिशवीतून पांढरा दुपट्टा काढला, नळाखाली भिजवला, पिळला आणि डोक्याला, कानांना, मानेला लपेटून वरून हेल्मेट घातलं. काल भोवळ आली होती, आज उन्हात जायचंय, म्हणजे दुपट्टा हवाच. इतकं साधं. हात आपसूक चालले होते.

ती चालू लागली. चालत राहिली. काल जिथे भिंत धरली, तो क्षण मागे पडला. दिवा हिरवाच, आणि तीही ठणठणीत. बऱ्याच वेळाने दिवा पिवळा झाला आणि तेव्हाच तिला पहिल्यांदा मळमळलं. पट्टी अगदी तंतोतंत!

चेबेतने दार उघडलं आणि विचारलं, "डोक्याला काय बांधलंय?"

"हे? काही नाही. दुपट्टा."

"काल नव्हता."

प्रणालीने कपाळावर हात मारला आणि खाली फरशीवर बसली.

चंद्रपूरच्या चाचण्यांत तिने काय काय टिपून ठेवलं होतं! कोणाच्या पायात चप्पल, कोणाच्या बूट, सदरा सुती की टेरिकॉटचा, सकाळी भाकर खाल्ली की भात. एक गोष्ट मात्र कोणी टिपली नव्हती, कारण ती टिपायची असते हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चंद्रपुरात मे महिन्यात दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडतच नाही. मजूर नाही, मास्तर नाही, कलेक्टरसुद्धा नाही. चाचणी देणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्याला ओला दुपट्टा होता, आणि तपासणाऱ्या प्रणालीच्याही. ओल्या कापडाने डोकं थंड राहतं, मेंदूला भोवळ उशिरा येते. घाम आणि नाडी तीच असूनही माणूस दुप्पट वेळ उभा राहतो. पट्टी जे माप शिकली, ते दुपट्ट्यातल्या माणसाचं. आणि कासिरात हेल्मेटखाली कापड बांधायला सक्त मनाई होती, कारण कॅमेऱ्यात ते बरं दिसत नाही.

"नाकासमोर होतं गं!" ती चेबेतला म्हणाली आणि लाजेने हसायला लागली. "आम्हाला ते कापड वाटतच नाही. अंगावर कातडी होती का, असं विचारतं का कोणी?"

चेबेत तिच्याशेजारी फरशीवर बसली. "आता काय करणार?"

"माप बदलणार. सोपं आहे. दुपट्टा वजा करायचा."

"मग पट्टी बरोबर होईल?"

"अचूक होईल."

चेबेत म्हणाली, "मी धावायचे तेव्हा रस्त्याच्या कडेला डॉक्टर असत, यंत्रं असत. पण मी धावता धावता कडेला उभी राहिले, तर मला कोणी थांबण्याचं कारण विचारत नसे. तुझ्या भावाला आहे का तशी सोय? अचूक पट्टीतसुद्धा?"

दिवसभर प्रणालीचं डोकं त्याच वाक्याभोवती फिरत राहिलं, आणि संध्याकाळी ती दाबक्यांच्या कार्यालयात गेली ती चेबेतला घेऊनच.

दाबक्यांनी दुपट्ट्याची हकिकत ऐकली तसा त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. "पट्टी यायच्या आधी मी स्वतः विमानतळावर शवपेट्या चढवल्या आहेत, मॅडम," ते म्हणाले. "ते दिवस पुन्हा नकोत मला. नवं माप द्या, उद्याच सगळ्या पट्ट्यांत भरू."

"देते. त्याच्यासोबत अजून एक गोष्ट भरायची. पट्टी अंगठ्याने दाबली की दिवा लाल होईल. माणूस बसेल. का दाबली, हे कोणी विचारायचं नाही."

दाबके चटकन सरळ बसले. "अहो, मग सगळेच दाबतील! दिवसभर दाबत बसतील. छत काय तुम्ही-आम्ही चढवायचं?"

"सगळे दाबतील का? मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. करून बघू या की!"

"ही काय प्रयोगशाळा आहे?"

"चार वर्षं होतीच की," प्रणाली म्हणाली. "त्यातली दोन माझ्या भावाच्या अंगावर."

दाबके चेबेतकडे वळले. चेबेत शांतपणे म्हणाली, "माझ्या धावपटूंच्या पट्टीत ही सोय मी मागून घेतली आहे. तुमच्या मजुरांच्या पट्टीत नसेल, तर अहवालात मला दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्या लागतील."

दाबक्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एक दुपार," ते म्हणाले. "फक्त एक. सगळ्यांना तसं जाहीर करतो. पण त्या दुपारी निम्मे लोक बसले, तर ती सोय परत नाही."

कामगार वसाहतीच्या भेटीच्या खोलीत तिने धनूला हे सांगितलं. तिला वाटलं होतं, पोरगं खूश होईल. तो उठून उभाच राहिला.

"कोनी नाही दाबनार, ताई. सापळा आहे म्हनतीन. पयला जो दाबन, तो दुसऱ्या दिवशी विमानात."

"दाबके साहेबांनी शब्द दिलाय."

"तुले दिला. आमाले कोनी दिला?" तो दाराशी जाऊन थांबला. "मी त नाहीच दाबनार. त्या दिवसापासून फोरमन माह्यावरच डोळा ठेवून आहे. तू आपली जाशीन पुरस्कार घेऊन. मले इथंच राहाचं आहे."

तो गेला. भाऊ चुकीचं बोलला नव्हता, हेच प्रणालीला लागलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ती, चेबेत आणि दाबके मैदानाच्या मधोमध उभे होते. वर छत, छतावर माणसं, प्रत्येकाच्या डोक्यामागे दिवा. नवं माप लागू झालं होतं. त्यामुळे कुठे कुठे दिवे पिवळे होत होते, ती माणसं मुकाट्याने सावलीत जात होती, दुसरी येत होती. ती चूक तरी सुधारली होती. पण अंगठ्याने कोणी पट्टी दाबल्याचं काही दिसेना.

ऊन चढलं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत राहिल्या. दाबक्यांच्या हातातल्या पडद्यावर प्रत्येक माणसाचा आकडा दिसत होता.

"बघा," दाबके म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, सुटका झाल्यासारखा सूर होता. "लोकांना काम करायचंय, मॅडम. तुम्ही उगाच..."

"तिकडे," चेबेत म्हणाली.

छताच्या पार पूर्वेकडच्या टोकाला एक दिवा लाल झाला होता. कोणी बुटका, उतारवयाचा माणूस. तो तुळईवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्याने हत्यारं बाजूला ठेवली होती. आजूबाजूचे सगळे काम थांबवून त्याच्याकडे बघत होते, पण जवळ कोणी जात नव्हतं.

फोरमन दुसऱ्या टोकाला होता. त्याला दिवा दिसला आणि तो निघाला. धावत नाही, चालतच. त्याला त्या माणसापाशी पोचायला सगळं छत पार करायचं होतं, आणि छतावरचा प्रत्येक जण त्याचं चालणं बघत होता. तो म्हातारा एकटा पडला, तर संपलंच. पुन्हा कोणी त्या पट्टीला हात लावणार नव्हता.

फोरमन निम्म्यावर आला. तो धनूच्या समोरून पुढे गेला.

धनूने वेल्डिंगचा मुखवटा वर केला. पुढे जाणाऱ्या फोरमनची पाठ बघितली. मग म्हाताऱ्याकडे बघितलं. आणि डावा दंड जवळ घेऊन त्यावर उजवा अंगठा रोवला.

दिवा लाल झाला. धनू होता तिथेच खाली बसला.

"धन्या रे!" प्रणालीच्या तोंडून निघून गेलं.

कोणीतरी फोरमनला हाक मारली असावी. तो थांबला, मागे वळला. पुढे एक लाल, मागे एक लाल. तो दोन पावलं इकडे आला, दोन पावलं तिकडे गेला. तेवढ्यात धनूच्या शेजारचा बसला. मग त्याच्या पलीकडचा. पश्चिमेकडे तिघं एकदम. फोरमन मधल्या तुळईवर उभा राहिला, आणि शेवटी त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून घाम पुसला.

निम्मे नव्हते. निम्म्याच्या जवळपासही नव्हते. बाकीच्यांनी थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा काम धरलं. ठिणग्या उडू लागल्या. बसलेले बसून राहिले.

दाबके पडद्यावर बोट फिरवत होते. एका नावापाशी ते अडले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, हा तुमचा भाऊ ना? याचे आकडे बघा. नाडी चांगली, घाम चांगला. नव्या मापानेसुद्धा याच्याकडे भरपूर वेळ आहे. पट्टी म्हणते, याला काहीही झालेलं नाही."

प्रणालीने आकडे वाचले. आपल्या पट्टीचं उत्तर तिने नीट, शेवटपर्यंत वाचलं. ते अचूक होतं.

"बरोबर म्हणते पट्टी," ती म्हणाली.

"मग कारण काय लिहू?"

वर धनूने पाय लांब केले होते आणि बाटली तोंडाला लावली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्याने बाटली शेजारच्याला दिली.

"लिहा," प्रणाली म्हणाली, "त्याला बसायचं होतं."